इंग्रजीशी गट्टी : विशेषणांच्या शेपट्या

बालमित्रांनो, वही काढलीत? पेन्सिलीला टोक आहे ना? आपल्या या पानाचा नियम जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी पुन्हा सांगते. इथं मी इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत सांगते, त्याचं स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी सांगते, आणि ते वहीत इंग्रजीत उतरवायचं काम तुमचं. नुसतं डोळ्यांनी वाचून स्पेलिंग पाठ होत नाही. हात चालावा लागतो.

आज आपण शब्दांच्या शेपट्या पाहणार आहोत. घाबरू नका, शेपट्या लावण्यात तुम्ही आधीच पटाईत आहात. दया असलेला तो दयाळू. चव असलेलं ते चवदार. तेल लागलेलं ते तेलकट. थोडंसं काळं ते काळसर. सारखा भांडतो तो भांडखोर. आमच्या पिंगळीचा माणूस मुंबईला गेला की तिथं तो पिंगळीकर होतो. आळू, दार, कट, सर, खोर, कर या सगळ्या शेपट्याच. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना प्रत्यय म्हणतात. कुठल्या शब्दाला कुठली शेपटी लावायची हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? कुणीही 'दयादार' म्हणत नाही की 'चवाळू' म्हणत नाही. आईच्या मांडीवर असतानाच ते कानात बसलं. इंग्रजीच्या शेपट्या मात्र आपल्या कानात लहानपणी बसलेल्या नाहीत, म्हणून त्या जरा बसून शिकाव्या लागतात. एवढाच काय तो फरक.

पहिली शेपटी 'फुल'. केअर म्हणजे काळजी, केअरफुल म्हणजे काळजी घेणारा. हेल्प म्हणजे मदत, हेल्पफुल म्हणजे मदतीला येणारा. पेन म्हणजे वेदना, पेनफुल म्हणजे दुखरं. (लिहायचा पेन वेगळा हं, त्याच्या स्पेलिंगमध्ये ए आणि आय नाहीत.) शेपटीचा अर्थ सोपा आहे, अमुक गोष्टीनं भरलेलं. स्पेलिंगमध्ये मात्र वर्गातली निम्मी मुलं अडकतात. भरलेलं या अर्थाचा सुटा शब्द 'फुल' लिहिताना एफ-यू-एल-एल, दोन एल. तोच शब्द शेपटी झाला की एफ-यू-एल, एकच एल. गर्दीच्या एस.टी.त चढताना एक पिशवी खालीच राहून जावी, तसा एक एल खाली राहतो. केअरफुल लिहा : सी-ए-आर-ई-एफ-यू-एल. संपलं. आता गंमत पाहा, त्यालाच आणखी 'ली' जोडून 'केअरफुली', म्हणजे काळजीपूर्वक, असं केलं की दोन एल दिसतात. पण त्यातला दुसरा एल 'ली'चा आहे, फुलचा नव्हे. फुलला एकच, लीला एक, मिळून दोन. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की परत विचारावं लागत नाही.

ग्रेटफुल हा शब्द रजेच्या अर्जात आणि आभाराच्या पत्रात येतो. त्याची सुरुवात 'ग्रेट' म्हणजे महान या शब्दासारखी लिहू नका. त्याचा महानपणाशी काही संबंध नाही. लॅटिन भाषेत आवडणारं, कृतज्ञ अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यावरून तो आला. म्हणून लिहायचं जी-आर-ए-टी-ई-एफ-यू-एल. कृतज्ञता म्हणजे ग्रॅटिट्यूड, तिथंही सुरुवातीला जी-आर-ए-टी आहे. दोघं सख्खी भावंडं, एकाला पाहून दुसरं ओळखायचं.

आता दुसरी शेपटी, 'लेस', एल-ई-एस-एस. हिच्यापाशी जरा थांबू या, कारण इथं नुसते मार्क जात नाहीत, त्याहून जास्त काही जाऊ शकतं.

वर्गात हा शब्द आला की हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, लेस म्हणजे कमी ना? मग केअरलेस म्हणजे कमी काळजी घेणारा?" प्रश्न चांगला आहे, कारण सुटा 'लेस' म्हणजे खरोखरच कमी, आणि त्याचं स्पेलिंगही तेच. पण ही शेपटी त्या लेसपासून आलेलीच नाही. जुन्या इंग्रजीत 'विना, मोकळा' अशा अर्थाचा वेगळा शब्द होता, तो झिजत झिजत या रूपाला आला. दोन वेगळ्या घरांतली माणसं एकसारखा सदरा घालून आली, म्हणून आपण फसतो. तेव्हा शेपटीतला लेस म्हणजे कमी नव्हे, अजिबात नाही. होमलेस म्हणजे लहान घर असलेला नव्हे, बेघर. आपल्या मराठीतले हीन, बे, बिन, नि यांचं काम ही एकटी शेपटी करते.

तुमच्या घरातच ती आहे. स्वयंपाकघरातल्या भांड्यांकडे पाहा. स्टेनलेस स्टील! स्टेन म्हणजे डाग, स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं. लोखंडात क्रोमियम नावाचा धातू मिसळला की गंज धरत नाही, म्हणून हे नाव. (तरी मिठाचं पाणी दोन दिवस तसंच ठेवा, डाग पडतोच. नाव जरा फुशारकीचं आहे खरं.) द्राक्षांच्या दिवसांत फळवाला ओरडतो, 'सीडलेस, सीडलेस!' सीड म्हणजे बी. नाशिक-सांगलीकडच्या मळ्यांत थॉम्पसन सीडलेस ही जात फार लावतात, आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगावची 'तास-ए-गणेश' हीदेखील त्याच जातीतून निवडून काढलेली. वायरलेस म्हणजे बिनतारी. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटबंदी झाली तेव्हा कॅशलेस हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला, म्हणजे रोख पैशाशिवाय. पाहा, पाच मिनिटांत चार शब्द घरबसल्या मिळाले.

आता महत्त्वाचं. हार्म म्हणजे इजा, अपाय. हार्मफुल म्हणजे अपायकारक, हार्मलेस म्हणजे ज्यापासून अजिबात अपाय नाही असं. आपला परभणी जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. म्हणजे घरोघरी फवारणीची औषधं आली. त्या डब्यांवर एक चौकोन छापलेला असतो, टोकावर उभा केलेला, पतंगासारखा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वरच्या अर्ध्या भागात शब्द असतो. लालवर कवटी आणि हाडांच्या चित्रासोबत 'पॉयझन', पिवळ्यावरही 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर' आणि हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे सावधान. नीट पाहा, चारही रंगांत कुठंही 'हार्मलेस' लिहिलेलं नाही. हिरव्यावरसुद्धा नाही. हिरवा म्हणजे चारांतला सौम्य, निर्धोक नव्हे. 'लेस' म्हणजे 'कमी' नव्हे हे वर आपण पाहिलं. 'कमी अपायकारक' आणि 'अपाय नसलेलं' यांत किती अंतर आहे ते इथं कळतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा मुलांनो, आज संध्याकाळी घरच्या माणसांना सोबत घेऊन डब्यावरचा चौकोन दुरूनच पाहा आणि त्यांना रंगांचा अर्थ सांगा. डब्याला हात मात्र लावायचा नाही.

लेसची एक जोडी फार मजेची आहे. प्राइस म्हणजे किंमत. मग प्राइसलेस म्हणजे कवडीमोल? नाही! प्राइसलेस म्हणजे ज्याची किंमत करताच येत नाही इतकं मोलाचं. कवडीमोल म्हणायचं असेल तर वर्थलेस. आणि हे विचित्र वाटत असेल तर आपल्या 'अमूल्य' शब्दाकडे पाहा. 'अ' म्हणजे नाही, मूल्य म्हणजे किंमत, आणि अर्थ काय? अनमोल! मूल्यहीन म्हणजे मात्र टाकाऊ. इंग्रज आणि आपण दोघंही एकाच पद्धतीनं उलटे चाललो.

आणखी एक, फुल आणि लेस नेहमी जोडीनं येतातच असं नाही. केअरफुल-केअरलेस, यूजफुल-यूजलेस, पेनफुल-पेनलेस जुळतात. पण ब्यूटिफुल आहे आणि ब्यूटिलेस नाही. होमलेस आहे आणि होमफुल नाही. जसं बेघर आहे पण 'घरदार' म्हटलं की त्याचा अर्थ भलताच होतो.

ब्यूटिफुल निघालाच आहे तर डबे जोडायच्या कामाकडे वळू. आमच्या पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे, परभणी-पूर्णा मार्गावर, त्यामुळे आमच्या मुलांना डबे जोडणं लगेच समजतं. डबा जोडताना मध्ये कपलिंग लागतं. शब्दाला शेपटी जोडतानाही जोडावर थोडी खटपट करावी लागते, आणि ती नेहमी शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर होते.

ब्यूटी या शब्दाच्या शेवटी वाय आहे. शेपटी जोडताना त्या वायचा आय होतो : बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल. मर्सीचं मर्सिफुल, पिटीचं पिटिफुल, पेनीचं पेनिलेस, ग्लोरीचं ग्लोरियस, रिलायचं रिलायेबल, सगळीकडे वाय जाऊन आय. पण वायच्या आधी स्वर असेल, म्हणजे ए, ई, ओ, यू यांपैकी कुणी शेजारी बसलं असेल, तर वायला कुणी हलवत नाही. प्लेचं प्लेफुल, जॉयचं जॉयफुल, एन्जॉयचं एन्जॉयेबल. शेजारी स्वर असला की वायला आधार मिळतो, असं लक्षात ठेवा.

शब्दाच्या शेवटी मुका ई असेल तर काय? शेपटी स्वरानं सुरू होत असेल तर ई जातो, व्यंजनानं सुरू होत असेल तर ई राहतो. यूज या एकाच शब्दावर दोन्ही दिसतं. यूजफुल : यू-एस-ई-एफ-यू-एल, ई राहिला. यूजेबल : यू-एस-ए-बी-एल-ई, मधला ई गेला. फेमचं फेमस : एफ-ए-एम-ओ-यू-एस. नॉइजचं नॉइझी, ई गेला आणि वाय आला.

आणि मग येतो नोटिसेबल, म्हणजे सहज लक्षात येणारं. नोटिसच्या शेवटी ई आहे, शेपटी ए-नं सुरू होते, नियमानं ई जायला हवा. पण जात नाही : एन-ओ-टी-आय-सी-ई-ए-बी-एल-ई. मुलं म्हणतात इंग्रजीला काही कायदाच नाही. आहे कायदा! इंग्रजी सी-ला दोन तोंडं आहेत. पुढं ए, ओ, यू आले की तो 'क' म्हणतो, ई किंवा आय आले की 'स' म्हणतो. कॅट आणि सिटी आठवा. आता नोटिसमधला ई काढून टाकला तर सीच्या पुढं ए येईल आणि वाचणारा 'नोटिकेबल' वाचेल! म्हणून ई पहाऱ्यावर उभा ठेवलाय. जीचंही तसंच. तो 'ग'ही म्हणतो आणि 'ज'ही. म्हणून चेंजेबल, करेजस यांत ई राहतो. करेजस लिहा : सी-ओ-यू-आर-ए-जी-ई-ओ-यू-एस. आणि आपल्या 'च'ला तरी एकच तोंड कुठं आहे? 'चाक' म्हणून पाहा, 'चिमणी' म्हणून पाहा. जीभ वेगळ्या जागी लागली की नाही? इ आणि ए आले की आपलाही च बदलतो. आपण तो लिहून दाखवत नाही, एवढंच.

याच कायद्यातला एक शब्द तुमच्या घरात खुंटीला टांगलेला असेल. लाइट गेल्यावर लागणारी बॅटरी, तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं रिचार्जेबल. आर-ई-सी-एच-ए-आर-जी-ई-ए-बी-एल-ई. जीनंतरचा ई तिथं आहे का ते खोक्यावर तपासा. कधी कधी छापणाऱ्यानंच खाल्लेला असतो. तसं सापडलं तर वहीत टिपून ठेवा.

एक डबल अक्षराचा नियम पटकन सांगते. सन म्हणजे सूर्य, सनी म्हणजे उन्हाचं : एस-यू-एन-एन-वाय. फनचं फनी, मडचं मडी, फॉगचं फॉगी, रेडचं रेडिश, सगळीकडे शेवटचं अक्षर दोनदा. लहान शब्द, मध्ये एकच स्वर, शेवटी एकच व्यंजन, असं असेल तर डबल. रेनमध्ये स्वर दोन आहेत, ए आणि आय, म्हणून रेनीला एकच एन. डस्टच्या शेवटी व्यंजनं दोन आहेत, म्हणून डस्टीला एकच टी. उन्हाळ्यात आमच्याकडे सनी आणि डस्टी दोन्ही शब्दांचा सराव आपोआप होतो.

तिसरी मोठी शेपटी 'अस', ओ-यू-एस. डेंजर म्हणजे धोका, डेंजरस म्हणजे धोकादायक. पॉयझन म्हणजे विष, पॉयझनस म्हणजे विषारी. ऐकायला 'अस' आणि लिहायला ओ-यू-एस, म्हणून मुलं नुसतं यू-एस लिहून मोकळी होतात. इथं एक पक्की खूण आहे. शब्द नाम असेल, म्हणजे एखाद्या वस्तूचं नाव असेल, तर शेवटी यू-एस. व्हायरस, सर्कस, कॅक्टस, बोनस, कॅम्पस. शब्द विशेषण असेल तर ओ-यू-एस. फेमस, डेंजरस, नर्व्हस, जेलस. शंका आली की स्वतःला विचारा, ही वस्तू आहे की वस्तूचा गुण? 'फेमस' नावाची वस्तू बाजारात मिळते का? नाही ना, मग ओ लावा. खोडकर या अर्थाचा मिसचिव्हस हा शब्द बरेच मोठे लोकसुद्धा 'मिसचिव्हियस' म्हणतात. त्यात व्हीनंतर आय नाही. व्ही-ओ-यू-एस, बस.

आता एबल आणि इबल. या जोडीनं चांगल्या चांगल्या इंग्रजांना घाम फोडलाय. दोन्हींचा अर्थ 'करता येण्याजोगं'. वॉशेबल म्हणजे धुता येण्याजोगं, ब्रेकेबल म्हणजे फुटू शकणारं. मग पॉसिबल, व्हिजिबल, टेरिबल, हॉरिबल यांत ए-च्या जागी आय का? तर या शेपट्या मूळच्या लॅटिन. इ.स. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर लॅटिन घराण्याचे ढीगभर शब्द इंग्रजीत आले. लॅटिनमध्ये क्रियापदांचे गट होते, एका गटाला ए लागे, बाकीच्यांना आय. गट गेले, अक्षरं राहिली. आपण लॅटिन शिकायला जाणार नाही, तेव्हा ठोकळा नियम असा : शेपटी काढून टाका आणि उरतं ते पाहा. वॉश उरलं, पुरा शब्द, तर बहुधा एबल. 'पॉस' उरलं, 'हॉर' उरलं, काही अर्थ नाही, तर बहुधा इबल. बहुधा म्हणते आहे हं, नेहमी नाही. फ्लेक्सिबल, सेन्सिबल, रिस्पॉन्सिबल हे तीन तोंडपाठ करा. आणि नवे शब्द जन्माला येतात ते जवळजवळ सगळे एबलच घेऊन येतात.

लग्नाच्या पंगतीत आपण काय म्हणतो? 'डिस्पोजल ग्लास आणा, डिस्पोजल प्लेटा आणा.' डिस्पोजल हे नाम आहे, त्याचा अर्थ विल्हेवाट. आपण म्हणतो 'विल्हेवाट ग्लास आणा'! म्हणायचं असतं डिस्पोजेबल, वापरून टाकून देण्याजोगा. दवाखान्यातली सुई डिस्पोजेबल असते, तिथं आपण बरोबर म्हणतो. आता 2018 सालच्या बंदीनं महाराष्ट्रात थर्माकोलच्या प्लेटा बाद झाल्या आहेत, पण शब्द काही बाद झालेला नाही. पत्रावळीसुद्धा डिस्पोजेबलच की, आणि ती तर कधीपासूनची!

एबलचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द रेल्वेच्या डब्यात आणि गॅसच्या टँकरवर दिसतो. इनफ्लेमेबल. आपण शिकलोय की पुढं 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो. व्हिजिबल म्हणजे दिसणारं, इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य. मग फ्लेम म्हणजे ज्वाळा, तर इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं? अगदी उलट! इनफ्लेमेबल म्हणजे भडकन पेट घेणारं, ज्वलनशील. इथला 'इन' नाहीचा नव्हे, तो 'आत'चा आहे. लॅटिनमध्ये पेटवणे या क्रियापदातच तो इन होता. ही फसगत इंग्रजी बोलणाऱ्यांचीही होते. म्हणूनच 1920 नंतरच्या काळात अमेरिकेत आग-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थेनं आग्रह धरला की पाट्यांवर नुसतं 'फ्लेमेबल' लिहा. तेव्हा फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, पेटणारं. न पेटणारं म्हणायचं तर नॉन-फ्लेमेबल. आपल्याकडे बऱ्याच पाट्यांवर अजून जुना शब्द आहे. परभणीला किंवा नांदेडला जाताना गाडीत पाटी दिसली तर वाचा, आणि फटाके, रॉकेल, पेट्रोलचा कॅन असलं काही सोबत नेऊ नका. रेल्वेच्या 1989 च्या कायद्याच्या 164 व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत.

आता एक नात्याची गोष्ट. इंग्रजीत 'इक' अशी एक शेपटी आहे, आय-सी. हिस्टॉरिक, बेसिक, हिरोइक. आणि आपल्याकडे? ऐतिहासिक, सामाजिक, दैनिक, वार्षिक! कानाला सारखं लागतं ना? विल्यम जोन्स नावाचे न्यायाधीश कलकत्त्याला होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी 1786 मध्ये एका भाषणात मांडलं. इंग्रजीतला हा इक ग्रीक-लॅटिनमधून आलेला आणि आपला संस्कृतातून, आणि अभ्यासक या दोघांना दूरचे नातेवाईक मानतात. फरक कुठं आहे पाहा. इंग्रजी शब्द शेपटी लागली की शेवटी बदलतो, ब्यूटीच्या वायसारखा. आपला शब्द इक लागला की सुरुवातीला बदलतो! इतिहासचं ऐतिहासिक, दिनचं दैनिक, वर्षचं वार्षिक, भूगोलचं भौगोलिक. शेपटी मागं लावली आणि डोकं हललं. बाहेरच्या माणसाला मराठी शिकताना हे केवढं अवघड जात असेल, विचार करा. आणि हो, आपला इक ऱ्हस्व आहे. 'सार्वजनीक' अशी दीर्घ पाटी रंगवलेली दिसली तर मनातल्या मनात दुरुस्त करा.

इंग्रजी इकच्या शेवटी के लावायचा नाही, हेही सांगते. म्युझिक, पब्लिक, मॅजिक, सगळे सी-वर संपतात. 1755 साली डॉक्टर जॉन्सननी आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला तेव्हा म्युझिक आणि पब्लिकला शेवटी के होता. पुढं तो गळाला. तुम्ही आज के लावलात तर अडीचशे वर्षं उशिरा आलात म्हणायचं.

शेवटची शेपटी 'इश'. स्वीटिश म्हणजे गोडसर, रेडिश म्हणजे लालसर. आपला 'सर' जसा थोडेपणा दाखवतो, तसाच हा. पण माणसाला लागला की तो जरा वाकडा चालतो. चाइल्डिश म्हणजे पोरकट, यात नापसंती आहे. मुलासारखं निरागस म्हणायचं असेल तर चाइल्डलाइक. एखाद्या आजोबांचं कौतुक करताना त्यांचं हसू चाइल्डिश आहे असं लिहाल, तर आजोबा रुसतील.

पालकांसाठी दोन ओळी. आपल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, काहींनी पुढं तर्खडकरांची पाठमाला गिरवली असेल. मुलाला शिकवण्याइतकं इंग्रजी आपल्याला येत नाही, असं शाळेत येऊन सांगणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. यायला नको. साबणाचा कागद, बियाण्याची पिशवी, औषधाची बाटली, जे घरात येईल ते मुलाच्या हाती द्या आणि 'यातले शेपटीचे शब्द शोध' एवढं म्हणा. (फवारणीची औषधं आणि त्यांचे रिकामे डबे सोडून, ते मी वर सांगितलंच.) तुम्ही शेजारी बसलात तरी पुरे.

आता सराव. वहीत इंग्रजीत लिहा. होप अधिक फुल. पिटी अधिक लेस. मड अधिक वाय. पॉयझन अधिक अस. चेंज अधिक एबल. अ‍ॅडव्हेंचर अधिक अस. प्ले अधिक फुल. फूल, म्हणजे मूर्ख, अधिक इश. प्लेंटी अधिक फुल. शेवटी सर्कस आणि फेमस हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहा. आणि घरात सापडलेले पाच शेपटीचे शब्द, ते कुठं सापडले त्यासकट. उत्तरं पुढच्या अंकात. त्याच अंकात आपण 'आय अ‍ॅम बोअर्ड' आणि 'आय अ‍ॅम बोअरिंग' यांचं भांडण सोडवू. दोन्हींचा अर्थ तोपर्यंत घरी विचारून ठेवा.